टोपीवाले तेरा जण करतात तरी काय?

मैदानाचं टपाल

या वेळी चारच पत्रं घेतली आहेत. पहिल्या पत्राने निम्मी जागा खाल्ली, त्याला इलाज नव्हता. कॅरमवाल्यांनी आणि मॅरेथॉनवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत धीर धरावा.

प्रश्न : माझा नातू सॅन होजेजवळच्या एका कम्युनिटी कॉलेजात शिकतो. तिथे तो फुटबॉल खेळतो, म्हणजे तो नारळासारखा बॉल काखेत मारून पळायचा खेळ. त्याने संघाचा फोटो पाठवला. मुलं साठ-सत्तर, ते ठीक. पण कडेला एकसारखे शर्ट आणि टोप्या घातलेले तेरा जण उभे आहेत, मी दोनदा मोजले. नातू म्हणतो सगळे कोच. आमच्या शाळेत एकच सर क्रिकेट, खो-खो आणि कवायत शिकवून शिवाय भूगोल घ्यायचे. हे तेरा जण करतात तरी काय? आणि दुसरं म्हणजे, युनिव्हर्सिटी सोडून दोन वर्षांच्या कॉलेजात गेला म्हणजे पोरगा मागे पडला का? शेजारी विचारतात.
— एक आजी, विलेपार्ले (पूर्व)

उत्तर : आजी, हाच प्रश्न मलाही पडला होता. मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं सहा महिने त्याच भागात होतो. बायकोला डिंकाचे लाडू, बाळाचं अंघोळ-मालिश अशी कामं होती, मला एकही नव्हतं. घरापासून वीस मिनिटांच्या अंतरावर एक कम्युनिटी कॉलेज होतं आणि दुपारी तीन वाजता तिथून शिट्ट्या ऐकू यायच्या. जन्मभर शिट्टीवर जगलेला माणूस मी, पाय आपोआप तिकडे वळले. तीन आठवडे रोज पायऱ्यांवर जाऊन बसलो.

पहिल्या दिवशी जत्रा वाटली. एकाच मैदानावर आठ ठिकाणी आठ वेगळे उद्योग. एक गट नुसता बॉल झेलतोय, दुसरा गट बॉलला हातसुद्धा न लावता एका गादीला ढकलतोय, एक मुलगा कोपऱ्यात एकटाच लाथा मारतोय, आणि प्रत्येकाजवळ एक टोपीवाला. मुख्य कोच कोणता ते मला तिसऱ्या दिवशी कळलं, कारण तो सगळ्यांत कमी बोलत होता.

एवढी माणसं लागतात त्याचं मूळ त्या खेळाच्या घडणीत आहे. आपला फुटबॉल ४५ मिनिटं वाहता असतो. सर काठावरून ओरडतात, पोरांना ऐकू जात नाही, आणि ऐकू गेलं तरी पोरं ऐकत नाहीत. तिकडचा खेळ थांबत थांबत चालतो. एक डाव पाच-सहा सेकंदांत आटपतो, पंचांची शिट्टी होते, आणि पुढचा डाव सुरू करायला जास्तीत जास्त ४० सेकंद मिळतात. तेवढ्यात कोणता डाव टाकायचा ते ठरतं आणि हातवाऱ्यांनी किंवा चित्रांच्या फलकांनी आत कळवलं जातं. म्हणजे प्रत्येक डावानंतर कोणी तरी विचारणार, “आत्ता काय झालं?” बावीस जण एकदम हलले असतील तर एका माणसाला ते दिसणं शक्य नाही. म्हणून बघण्याचं काम वाटून दिलेलं असतं.

दुसरं कारण असं की तो एक संघ नसून तीन असतात. हल्ल्याचे अकरा वेगळे, बचावाचे अकरा वेगळे, आणि लाथ मारायची वेळ आली की तिसराच ताफा आत येतो. आता तुमचा फोटो घ्या आणि माझ्याबरोबर मोजा. मुख्य कोच एक. हल्ल्याचा प्रमुख दोन. बॉल फेकणाऱ्या मुलाला, म्हणजे क्वार्टरबॅकला, बहुतेक तोच शिकवतो. पळणाऱ्यांचा तीन, लांब जाऊन झेलणाऱ्यांचा चार, अर्धं ढकलून अर्धं झेलणाऱ्या टाइट एंडचा पाच, पुढच्या पाच दांडग्यांच्या भिंतीचा सहा. पलीकडे बचावाचा प्रमुख सात, त्यांच्या पुढच्या रांगेचा आठ, मधल्या रांगेचा नऊ, शेपटाकडच्या पळत्या पोरांचा दहा. लाथेच्या ताफ्याचा अकरा. वजनं उचलून घेणारा, ताकदीचा, बारा. हा माझा अंदाज. काही कॉलेजांत एकच माणूस दोन टोप्या घालतो. यातले एक-दोघं सामन्याच्या दिवशी मैदानावर नसतातच, वर प्रेक्षकांच्या डोक्यावरच्या खोलीत बसतात आणि कानाला लावलेल्या यंत्रातून खाली बोलतात, कारण उंचावरून मोहरे नीट दिसतात.

तेरावा मात्र कोच नसावा. कमरेला पिशवी लावलेला कोणी आहे का बघा. असेल तर तो अॅथलेटिक ट्रेनर. आपल्याकडे ट्रेनर म्हणजे जिममधला दंड दाखवणारा. तिकडे हा दुखापतींचं शिक्षण घेतलेला माणूस असतो. एखाद्याच्या डोक्याला मार बसल्याची शंका आली की हा त्याला बाहेर काढतो, आणि त्या दिवशी तो मुलगा पुन्हा आत जात नाही, मग मुख्य कोच कितीही तळमळो. तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो, त्या खेळात डोक्याला धोका आहे, वर्षानुवर्षं आदळून मेंदूवर परिणाम झालेली माणसं आहेत. नातवाला फोनवर “जेवलास का” विचारता तसं “डोकं दुखतं का” हेही विचारत जा, आणि दुखत असेल तर या तेराव्या माणसाला सांगायला लावा.

त्या भिंतीच्या कोचाने मला सगळ्यांत जास्त शिकवलं. पाच मुलं समोर वाकून उभी, आणि हा गुडघ्यावर बसून फक्त त्यांचे पाय बघायचा. बॉल कुठे गेला याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. पहिलं पाऊल सहा इंचांचं पडलं पाहिजे, आठ नाही, एवढा एकच विषय तासभर. चौथ्या-पाचव्या दिवशी तो स्वतःच माझ्याजवळ आला, म्हातारा रोज का बसतो म्हणून. सकाळी हायस्कूलमध्ये गणित शिकवतो आणि दुपारी इथे येतो म्हणाला. कॉलेज त्याला सीझनचं मानधन देत होतं. त्याने आकडा सांगितला तेव्हा पेट्रोलही निघत नसेल असं वाटलं. मुख्य कोच कॉलेजचा कायम माणूस, तो व्यायामाचे वर्गही घ्यायचा. बाकी बहुतेक जण असे अर्धवेळ.

मला आमचं नायगाव आठवलं. चाळींच्या मधल्या पटांगणात संध्याकाळी कबड्डीचा सराव चालायचा आणि गिरणीतून निवृत्त झालेले एक आजोबा फक्त डाव्या कोपऱ्याचे घोटे बघत बसायचे. दुसरे एक फक्त चढाईवाल्याची परत फिरतानाची टाच. तिसऱ्यांना साखळी कुठे सुटते तेवढंच दिसायचं आणि तेवढ्यासाठी ते शिव्या द्यायचे. मानधन एक कटिंग. स्टाफ आपल्याकडेही होता आजी, टोप्या नव्हत्या एवढंच.

आता शेजाऱ्यांचं. कम्युनिटी कॉलेज म्हणजे नापासांचं कॉलेज ही समजूत तिथल्या शेजाऱ्यांतही आहे, त्यामुळे वाईट वाटून घेऊ नका. दोन वर्षं कमी फीमध्ये शिकायचं आणि मग मोठ्या युनिव्हर्सिटीत तिसऱ्या वर्षाला जायचं, हा तिकडचा रुळलेला रस्ता आहे. मिसिसिपी, कॅन्सस अशा राज्यांत दोन वर्षांची कॉलेजंही खेळासाठी शिष्यवृत्ती देतात. कॅलिफोर्नियात देत नाहीत. म्हणजे तुमचा नातू फुकट शिकायला मिळतं म्हणून खेळत नाहीये. शिवाय सीझनमध्ये १२ युनिटांचा, म्हणजे साधारण चार विषयांचा, अभ्यास घेतल्याशिवाय त्याला मैदानात उतरता येत नाही, आणि दुसऱ्या वर्षी खेळायचं तर २४ युनिटं पुरी आणि मार्कांची सरासरी चारपैकी २.० च्या खाली नाही. मी बसायचो तिथे एक टोपीवाला दर थोड्या दिवसांनी मुलांकडून शिक्षकांच्या सह्यांचे कागद गोळा करायचा. गादी ढकलून घामाघूम झालेला सव्वाशे किलोचा मुलगा इंग्रजीच्या मार्कांवरून चळाचळा कापताना मी पाहिला आहे. दोनच सीझन हातात असतात, तेवढ्यात मुलाला पुढच्या कॉलेजात पोचवायचं, त्याच्या खेळाच्या फिती तिकडच्या कोचांना पाठवायच्या, हेही याच टोपीवाल्यांचं काम.

शेजाऱ्यांना अॅरन रॉजर्सचं नाव सांगा. हायस्कूलनंतर मोठ्या कॉलेजांनी त्याला विचारलं नाही, म्हणून तो २००२ साली उत्तर कॅलिफोर्नियातल्या ब्यूट कॉलेजात खेळला. बर्कलीच्या युनिव्हर्सिटीचे कोच तिथे दुसऱ्याच एका खेळाडूला बघायला आले आणि त्यांची नजर याच्यावर गेली. २०११ च्या फेब्रुवारीत त्याने सुपर बोल, म्हणजे तिकडच्या व्यावसायिक फुटबॉलची अंतिम लढत, जिंकला. टोपीवाल्यांचंही तसंच. जॉन मॅडन १९६० साली सांता मारियाच्या अॅलन हॅनकॉक कॉलेजात, असल्याच एका दोन वर्षांच्या कॉलेजात, मदतनीस कोच म्हणून लागले. १९६९ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते ओकलंड रेडर्स या व्यावसायिक संघाचे मुख्य कोच झाले. त्यामुळे फोटोतल्या कडेच्या सडपातळ पोरसवदा टोपीवाल्याकडेही जरा नीट बघून ठेवा.

प्रश्न : मी परळच्या बाजूच्या एका कॉलेजात कंत्राटी क्रीडाशिक्षक आहे. फुटबॉल, कॅरम, बुद्धिबळ, बॉक्सिंग, सगळं माझ्याकडे. फुटबॉलची मुलं २२. मैदान आठवड्यातून दोन सकाळी, दीड-दीड तास. बजेटचं विचारू नका. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत दर वर्षी दुसऱ्या फेरीत जातो आणि शेवटच्या वीस मिनिटांत गोल खाऊन घरी येतो. एकटा माणूस काय करणार?
— एक सर

उत्तर : सर, आधी माझी लाज सांगतो. आझाद मैदानावर, ऑगस्टचा चिखल, पूर्वार्धात माझ्या गोलीचं बोट मोडलं. मी बॉल बघत होतो, मला कळलं नाही. त्याने सांगितलं नाही, “सर ओरडतील” म्हणून. उत्तरार्धात दोन साधे बॉल त्याच्या हातातून सुटले, आणि मी खरोखरच ओरडलो. मॅच संपल्यावर त्याने हातमोजा काढला तेव्हा बोट वांग्यासारखं झालं होतं. आज तो एका बँकेत आहे, भेटला की नमस्कार करतो, आणि त्या नमस्कारात एक बोट वेगळ्या दिशेला असतं.

पुढच्या मॅचपासून मी बेंचवरच्या एका मुलाला सांगितलं, तू बॉल बघायचा नाही. आपला गोली बघ, बस. माझा पहिला स्टाफ तो.

तुमच्याकडे २२ पोरं आहेत, म्हणजे प्रत्येक मॅचला अकरा जण बाहेर बसून चणे खातात. त्यांच्यातले चार घ्या. प्रत्येकाला एक वही आणि एक खेळाडू नेमून द्या. शेवटच्या वीस मिनिटांचा तुमचा आजार मला तरी दमलेल्या पायांचा वाटतो. तेव्हा वहीत एकच नोंद : बॉल गेल्यावर आपला बॅक किंवा हाफ परत येताना पळाला की चालला. चालला की एक रेघ. साठाव्या मिनिटाला वह्या मागवा. ज्याच्या नावावर रेघा जास्त, तो बाहेर, मग तो कॅप्टन असो नाही तर जिमखाना चेअरमनचा भाचा असो. पहिल्या दोन मॅचना रेघा ओढणारे मित्राला सांभाळून घेतील. तिसऱ्या मॅचला त्यांना स्वतःला आत जायचं असतं हे आठवेल आणि वह्या खऱ्या होतील.

गोलीसाठी तुमचा जुना गोली बोलवा. मुंबईतल्या प्रत्येक कॉलेजाचा एक माजी गोली असतो, तो कुठे तरी नोकरी करतो आणि त्याला कोणी बोलवत नाही. सकाळी साडेसहाला अर्धा तास गोलमागे उभा राहा म्हणावं, वडापाव तुमच्याकडून. त्याला काय शिकवायचं ते सांगू नका. हे जड जातं. मला फार जड गेलं. अमेरिकेतला तो मुख्य कोच वीस-वीस मिनिटं गप्प उभा राहिलेला मी पाहिला, तेव्हा कळलं की माझ्या हाताखाली माणसं का टिकली नाहीत.

मोबाईल उंचावर ठेवून मॅच घ्या, पण सगळी बघत बसू नका. गोल खाण्याआधीची दोन मिनिटं पोरांना दाखवा, पुरे. मलमपट्टीसाठी फिजिओथेरपी शिकणारं कोणी सापडतं का बघा, आणि सापडलं तर दुखापतीचा शब्द त्याचा अखेरचा, तुमचा नाही.

स्वतःसाठी भारतीय फुटबॉल महासंघाचं कोचिंगचं डी लायसन्स करा, मग एएफसीचं, म्हणजे आशियाई महासंघाचं, सी. पुढे बी, ए, प्रो अशी ती शिडी आहे, तुम्हाला एवढी चढायची नसेल, पण डी आणि सीने सरावाचा दीड तास कसा बेतायचा ते कळतं. कंत्राटी मास्तर म्हणून कमी समजू नका. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये आपण चौथे आलो तेव्हा संघाचे कोच सय्यद अब्दुल रहीम होते, हैदराबादचे, पेशाने शाळामास्तर. त्या स्पर्धेत ऑस्ट्रेलियावर तीन गोल चढवणारा नेव्हिल डिसूझा आपल्या मुंबईचा. वांद्र्याला त्याच्या नावाचं मैदान आहे. पोरांना एकदा तिथे घेऊन जा, आणि नाव कोणाचं ते आधी विचारा. मी विचारलं होतं. “सर, नगरसेवक असेल,” असं उत्तर आलं.

प्रश्न : मी टी.वाय.ला आहे. तीन वर्षं फॉरवर्ड खेळलो, आता नवीन सरांनी राइट बॅक केलं. माझं करिअर संपवताहेत. सोडू का?
— एक फॉरवर्ड, भांडुप

उत्तर : सहीतच तुझं दुखणं आहे. सोडू नकोस. सरांना “मला मागे का टाकलं” असं विचारू नकोस, कारण त्याला “संघासाठी” हे एकच उत्तर असतं आणि त्याचा काही उपयोग नाही. “मागून तुम्हाला माझं काय दिसतं?” असं विचार. सर नुसतेच तुझ्याकडे बघत राहिले तर त्यांच्याकडे उत्तर नाही असं समज आणि दोन मॅचनंतर पुन्हा विचार. आणि वडिलांना फोन करायला लावू नकोस. अशा फोननंतर मी तीन पोरांना बेंचवर बसवलं आहे, त्यात एकाची चूक नव्हती.

प्रश्न : माझे मिस्टर कंपनीतून सुटले की एका कॉलेजच्या फुटबॉल संघाला शिकवायला जातात. बॅकवाल्या मुलांना बघतात म्हणे. वर्षाचं मानधन दिवाळीच्या फराळाला पुरत नाही, तेही पुढच्या होळीला मिळतं. रविवार तर आमचा नसतोच. भांडण नाही, पण कधी तरी विचारावंसं वाटतं की यातून मिळतं काय. तुमच्या मिसेसनी कधी विचारलं नाही?
— कांजूरमार्ग

उत्तर : ताई, विचारलं. लग्नाच्या चौथ्या वर्षी, गणपतीत, मी पूजा सोडून मॅचला गेलो होतो तेव्हा. मी काही तरी मोठं बोललो होतो, पोरं घडवतो वगैरे. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, ते असू दे, आधी ती बिब्स, ती सरावाची बनियनं, बाल्कनीतून काढ, वास येतो.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्या मिस्टरांकडेही नसेल, त्यांना कोंडीत पकडू नका. पण मानधनाचं मात्र बोला. जिमखान्याच्या प्रमुखांना सीझनच्या आधी लेखी द्यायला सांगा, रक्कम कितीही असो, तारीख कागदावर हवी. कोच लोक पैसे मागायला लाजतात आणि कॉलेजांना ते ठाऊक असतं. आणि चारातला एक रविवार तुमचा, हेही सीझनच्या आधीच ठरवून घ्या. बाकीचे कोच त्या दिवशी बॅकवाली पोरं सांभाळतील. कोणीच सांभाळायला नसेल, तर वरचं परळच्या सरांचं उत्तर त्यांच्यासमोर ठेवा.

बिब्स आमच्याकडे अजून आहेत. पंधरा केशरी, तीन फाटलेली. मुलीच्या बाळंतपणाला जाताना बायकोने त्यातल्या दोन बॅगेत घातल्या होत्या, लोणच्याच्या बरण्या गुंडाळायला.